'फोर्स्ड लेबर'ला काय म्हणावे: सक्तमजुरी, वेठबिगारी की आणखी काही?

प्रश्न (अनुवादक): साखर विकत घेणाऱ्या कंपनीची पुरवठादारांसाठीची आचारसंहिता आणि प्रश्नावली मराठीत करायची आहे. उत्तरे सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालात जाणार. 'फोर्स्ड लेबर'साठी 'सक्तमजुरी' चालेल का?

कलम-पोटकलम: अजिबात नको. सक्तमजुरी ही कोर्टाने ठोठावलेली शिक्षा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या २९ व्या कराराची व्याख्या पाहा: शिक्षेच्या धाकाखाली करून घेतलेले आणि माणसाने आपखुशीने न पत्करलेले काम. कोर्टाच्या शिक्षेनुसार, सरकारी देखरेखीखाली केलेले काम (कैदी खासगी मालकाच्या दावणीला बांधला नसेल तर) त्यातून वगळले आहे. म्हणजे व्याख्येने जे बाहेर ठेवले, नेमका त्याचाच शब्द तुम्ही घेताय.

जुना कोश: मग सरळ 'वेठबिगारी' लिहा. 'वेठ' संस्कृत विष्टीवरून आला, 'बिगार' फारसीतून. संविधानाच्या अनुच्छेद २३ च्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हाच शब्द आहे.

साइटवरचा: कायद्यात ठीक, प्रश्नावलीत घोटाळा होईल. बांधकामावर 'बिगारी' म्हणजे गवंड्याच्या हाताखालचा, रोजंदारी घेणारा माणूस. 'बिगारी आहेत का?' विचारलेत तर ठेकेदार बिनदिक्कत 'आहेत, बारा' असे भरून देईल. दुसरे, 'वेठ' म्हटले की लोकांच्या मनात फुकटचे काम येते. 'आम्ही तर पैसे देतो' म्हटले की विषय संपला.

कलम-पोटकलम: तो बचाव टिकत नाही. दिल्ली एशियाडच्या (आशियाई क्रीडास्पर्धांच्या) बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हेही अनुच्छेद २३ खालचे सक्तीचे काम. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात तर मजुरी मिळते की नाही एवढ्यावर भागत नाही. कर्ज किंवा आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करायची, हवे तिथे जायची मोकळीक गेली का, हेही पाहतात. कर्ज वेठीचे असल्याची तक्रार झाली, तर ते तसे नाही हे सावकाराने सिद्ध करायचे.

फडकरी: ऊसतोडीत हे सगळे 'उचल', म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, या एका शब्दात येते. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला (तोडणाऱ्यांची टोळी आणणाऱ्याला) पैसे देतो, मुकादम कोयत्याला, म्हणजे बहुधा नवराबायकोच्या जोडीला. कारखान्याच्या हजेरीपटावर तोडणारा नसतोच. म्हणून 'सक्ती होते का?' या प्रश्नाला कारखाना प्रामाणिकपणेच 'नाही' लिहितो. त्याऐवजी हे विचारा: उचल किती आणि कोणाच्या नावावर? बाईच्या मजुरीची वेगळी नोंद आहे का? वजनाची पावती टोळीला मिळते का? खाडा झाला तर किती कापतात? हंगामाअखेर फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते का, आणि ती असताना दुसऱ्या मुकादमाकडे जाता येते का? एटीएम कार्ड कोणाकडे असते? उचल घेणे हा गुन्हा नव्हे. शेवटच्या तीन उत्तरांवरून खरे काय ते कळते.

आणि तपासणी गाळप चालू असताना, कोप्यांवर (तोडणाऱ्यांच्या झोपड्यांवर) जाऊन, मुकादम बाजूला ठेवून करा. अहवालाची घाई एप्रिलनंतर सुरू होते, तोवर टोळ्या गावी परतलेल्या असतात. मग कागद तपासून 'सर्व ठीक'.

ताळेबंद: बीआरएसआर बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचे आहे. मानवी हक्कांचा भाग तत्त्व ५ मध्ये येतो. तिथे स्वतःच्या कारखान्यांची टक्केवारी अनिवार्य रकान्यात; पुरवठादारांची मात्र ऐच्छिक रकान्यात, तीही 'व्यवहाराच्या मूल्यानुसार'. हे शब्द भाषांतरात गाळू नका. चार मोठे पुरवठादार तपासले की मूल्याने ८० टक्के भरू शकतात, चाळीस छोटे बाहेरच राहतात. नुसते 'पुरवठादारांपैकी ८० टक्के' लिहिलेत तर वाक्य खोटे होते. शिवाय साखर कारखान्यापाशी तुमचा थेट पुरवठादार संपतो. मुकादम त्या आकड्यात येतच नाही.

ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याखालचे निवेदन करायची वेळ आली तर तिथे 'काहीच पावले उचलली नाहीत' असे लिहिण्याचीही मुभा आहे. तेव्हा 'निवेदन केले'चे 'प्रतिबंध केला' होऊ देऊ नका.

अनुवादक: मग आचारसंहितेत असे: 'सक्तीने काम करून घेऊ नये. यात वेठबिगारी, उचल किंवा कर्ज फिटेपर्यंत कामावर अडकवून ठेवणे, मजुरी रोखून धरणे आणि ओळखपत्र किंवा एटीएम कार्ड ताब्यात घेणे हेही येते.' चालेल?

फडकरी: 'बाकी आहे म्हणून दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ न देणे' हेही घाला.