थंडी सरत आली, परड्यात आता काय उरकून घ्यावं? (अनगोळ, बेळगाव)

परडं_अनगोळ

नमस्कार मंडळी. अनगोळात आमचं जुनं कौलारू घर आहे, मागं जेमतेम दोन गुंठ्यांचं परडं. इतकी वर्षं ते सगळं सासूबाई बघायच्या. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या आणि आता खुरपं माझ्या हातात आलंय. त्यांची झाडं मला जगवायची आहेत, नुसती जगवायची नाहीत तर त्यांच्या हातची होती तशी फुलवायची आहेत.

काय काय आहे ते सांगते. एक मोठा आंबा, निम्मा मोहरलाय. दोन नारळ, एक लिंबू, विहिरीच्या कडेला मोगऱ्याची तीन जुनी झुडपं, जास्वंद, शेवंती, आणि भिंतीलगत हळदीची ओळ. माती तांबडी. विहिरीला आता पाणी चांगलं आहे, पण एप्रिलनंतर बुडाला जातं. नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं ते रोज नाही, आणि ते झाडांना घालायला मन होत नाही.

पहाटे अजून दव पडतंय, दुपारी मात्र ऊन चांगलंच चटकतंय. यूट्यूबवर बघितलं तर जो तो सांगतोय की फेब्रुवारीत सगळी झाडं छाटा, वसंतात जोमानं फुटतील. आंब्याची एक फांदी कौलांवर टेकलीय, तीही लगेच काढा म्हणून शेजारचे मागं लागलेत. मोगरा तर नुसता काटकुळा झालाय, खाली लाकूड आणि वर चार पानं. आंब्याखालची फरशी चिकट लागते आणि खालच्या पानांवर काळं धरलंय. कुठून सुरुवात करू?

कडोलीचे_काका

ताई, आधी कात्री खाली ठेवा. आता लोक व्हिडिओ बघून करूलेत सगळं, खरं ते व्हिडिओ बर्फ पडतो तिकडचे असतात. तिकडं झाडं थंडीत झोपतात म्हणून जागी व्हायच्या आधी कापतात. आपल्या बेळगावात थंडीत आंबा मोहरतो, लिंबाला फूल येतं, फणसाला खोडावर कुयऱ्या धरतात. आपल्याला पुढं बर्फ वितळायचा नसतो, पुढं मार्च-एप्रिलचं ऊन असतं. म्हणून एकच बघायचं: ज्या झाडावर आता फूल किंवा फळ आहे त्याला हात लावायचा नाही. ज्याला नवीन फुटव्यावर फूल येतं आणि जे आता रिकामं आहे, तेच कापायचं. तुमच्या परड्यात तसा मोगरा आहे, आणि थोडी जास्वंद.

मोगऱ्याचं नीट सांगतो, कारण ते आता नाही केलं तर वर्ष गेलं. पहिलं पाणी तोडा, चांगलं पंधरा-वीस दिवस. पानं पिवळी पडून गळायला लागतील, घाबरू नका, तेच पाहिजे. मग राहिलेली पानं हातानं ओरबाडा, वाळलेल्या आणि एकमेकीत घुसलेल्या काड्या बुडातून काढा, बाकीच्या निम्म्यावर आणा. कात्री धारेची पाहिजे, काडी चिरडली की तिथून वाळत जाते. बुडाभोवतीची माती चार बोटं उकरा, मुळं जराशी दिसली तरी चालतील, आणि दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या. मग कुजलेलं शेणखत एक बुट्टी, मूठभर निंबोळी पेंड, माती परत ओढा आणि भरपूर पाणी द्या. डोळ्यांतनं तांबूस फुटवे निघतील, प्रत्येक फुटव्याच्या शेंड्याला कळ्या. पाडव्याच्या आसपास वास यायला लागतो. तुमची झुडपं काटकुळी झालीत म्हणजे बरीच वर्षं नुसतं शेंड्याचं कापलं गेलंय किंवा कापलंच गेलं नाही. जुनं लाकूड आहे, एकदम सगळं बुडातून काढू नका, यंदा निम्म्या काड्या, पुढल्या वर्षी राहिलेल्या.

आंब्याची ती चिकट फरशी म्हणजे तुडतुडे. सकाळी उन्हं यायच्या आत मोहराच्या फांदीला हळूच टिचकी मारून बघा, पाचरीच्या आकाराचे भुरे किडे टपटप उडतील. ते रस पितात आणि गोड चिकटा टाकतात, त्या चिकट्यावर काजळी बुरशी वाढते, म्हणून पानं काळी. निंबोळी कुटून अर्धा किलो, 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, जरासा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. अजून न उमललेल्या मोहरावर मारा. पूर्ण उमललेल्या फुलांवर काहीच मारू नका, माश्या आणि मधमाश्या येतात त्यावरच कैरी धरते. मोहरावर पिठासारखं पांढरं दिसलं तर ती भुरी, धुक्याच्या सकाळी हमखास येते. त्याला पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, दुपारच्या उन्हात नाही. पण गंधक मारलं की त्याच झाडावर लगेच कडुलिंबाचं तेल नको, पानं भाजतात, पंधरा दिवस मधे जाऊ द्यात.

मोहर पूर्ण असेपर्यंत आंब्याला पाणी नाही. कैरी वाटाण्याएवढी झाली की द्यायचं, आणि बुंध्याशी ओतायचं नाही. फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं खाली आळं करायचं, पाणी पिणारी मुळं तिथं असतात.

लिंबाला आता फूल असेल तर पाणी तुटू देऊ नका, नाहीतर गळेल. कलमाच्या खालून आलेले काटेरी सरळसोट फुटवे मात्र काढून टाका, ते जंगली खुंटाचे, रस तेच खातात.

निपाणी_माळ

काकांनी बरोबर सांगितलंय. मी थोडं पाण्याचं आणि मातीचं लिहिते, कारण आमच्याकडं निपाणीला काळी माती आणि तुमच्याकडं तांबडी, दोन्हीचा कारभार वेगळा. तांबडी माती पाणी पटकन पिते आणि पटकन सोडते. म्हणून तुमचं सगळ्यात मोठं काम आच्छादन. मळण्या होऊन गेल्यात, येळ्ळूर, उचगाव कुठंही विचारा, भाताची पिंजर (पेंढा) सहज मिळेल. ऊन तापायच्या आत प्रत्येक आळ्यात तीन-चार इंच थर घाला. बुंध्याला मात्र लागू देऊ नका, चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी.

तांबड्या मातीत कोरड्या पिंजरीला वाळवी लवकर लागते हे लक्षात असू द्या. खाली निंबोळी पेंड पसरा, आणि पिंजर नेहमी ओलसर ठेवा. आंब्याच्या खोडावर मातीचे बोगदे दिसले तर हातानं मोडून टाका.

चुलीची राख असेल तर तुमच्या आंबट तांबड्या मातीला चालते, मूठ-मूठ टाका. आमच्या काळ्या जमिनीत आम्ही टाकत नाही, ती आधीच खारवट बाजूची. राख आणि ओलं शेण एकत्र मात्र टाकू नये, शेणातला नत्र उडून जातो.

नारळाला खोडापासून सहा फुटांपर्यंतचं आळं पाहिजे. मोठ्या झाडाला चार दिवसांनी साधारण 200 लिटर. विहीर बुडाला जाणार असेल तर हा हिशोब आत्ताच मांडा, अक्का. दोन नारळांचं पाणी आधी बाजूला ठेवा, मग भाजीचं ठरवा. नारळाची सोडणं आळ्यात पुरलीत, काथ्याची बाजू वर करून, तर ओल पुष्कळ दिवस टिकते.

परडं_अनगोळ

खूप आभार. काका, आज सकाळी टिचकी मारून बघितलं, खरंच धूळ उडावी तसे किडे उडाले. निंबोळी आणायला माणूस पाठवलाय. भुरी मात्र दिसत नाही. मोगऱ्याचं पाणी आजपासून तोडलं.

हळद आणि शेवंतीचं कुणी सांगा. हळदीची पानं पूर्ण लोळलीत. आणि भाजीचा एक लहान वाफा रिकामा आहे, त्यात आता काय लावता येईल? मेथी लावावी म्हणत होते.

खानापूर_रानवाट

ताई, मेथी आता नको, ऊन वाढलं की फुलावर जाते. माठ आणि चवळी लावा. भेंडी लावणार असाल तर केवडा रोगाला दाद न देणारं बी घ्या, नाहीतर पानं पिवळी जाळीदार होऊन झाड बसतं. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची अर्का अनामिका त्याच कामासाठी काढलेली आहे. बी रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यात बांधून ठेवा, मोड दिसला की टोका. विहिरीच्या कठड्याजवळ दोडक्याची किंवा काकडीची दोन आळी पुरेत, सांडलेल्या पाण्यावर निघतात.

हळद काढायला झालीय. पानं वाळून लोळली म्हणजे कंद भरला. आदल्या दिवशी थोडं पाणी मारा म्हणजे माती मऊ होते, कुदळ लांबून घाला. मधला जाड गड्डा बियाला ठेवा, बोटं शिजवायला. बियाचे गड्डे घरात सावलीला, वाळलेल्या हळदीच्याच पानांत झाकून. मे अखेरीला डोळे फुगले की परत मातीत.

शेवंतीची फुलून गेलेली काडी जमिनीपासून चार बोटांवर कापा. बुडातून हिरवे मुनवे निघालेले असतील, पुढल्या दसऱ्याची फुलं तीच आहेत. त्यांना दुपारची सावली मिळेल असं करा, एका पाटीखाली झाकलीत तरी चालेल, पण पाणी साचू देऊ नका.

आणि एक मनापासून सांगतो, आंब्याफणसाची पानं पेटवू नका. आत्ता पानगळ सुरू आहे, परड्याच्या कोपऱ्यात ढीग घाला, पाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाला, परत पाचोळा, आणि ओल ठेवा. महिन्यातून एकदा उलथा. जूनला लावणीच्या वेळी काळं भुसभुशीत खत हातात येतं. आमच्याकडं जुनी माणसं कन्नडमधली म्हण सांगतात, शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते. ढीग शिवरात्रीच्या आत घातला तर पुढच्या उन्हाचा उपयोग होतो.

कडोलीचे_काका

कौलावरच्या फांदीचं राहिलं. ती मोहरलेली आहे ना, मग आत्ता नाही. कौलांवर घासू नये म्हणून खालून मेढी लावून उचलून धरा. आंबे उतरले की मृग लागायच्या आत कापा, आधी खालच्या बाजूनं एक काप, मग वरून, म्हणजे साल सोलत येत नाही. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी मिळून एक लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचं, मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं चालत नाही. आणि शेजाऱ्यांना सांगा, चार महिने थांबा, कैऱ्या पाठवते.