ते आनो: चेंडू दोन, जाळं एकही नाही

पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाचा पारंपरिक खेळ ‘ते आनो’ म्हणजे तिथला व्हॉलीबॉल, असं म्हटलं जातं, ते मला पटलं नाही. जाळं नसतंच. दोन संघ समोरासमोर रांगा करून उभे राहतात आणि एकाच वेळी दोन चेंडू खेळात असतात, त्यामुळे नवख्याची नजर हमखास चुकते. चेंडू केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या पातींचा, विणलेला, चांगलाच कडक. बोटं सैल ठेवली की दुखापत ठरलेली. संघाच्या नायकाला म्हणतात आलोवाका. चेंडू हातानेच टोलवत हवेत ठेवायचा. पडला की गुण समोरच्यांना. आधी १० करेल तो जिंकला.

तुवालूतल्या गावांची यादी करताना वैतुपू बेटावरची आसाऊ आणि तुमासेऊ जोडा, ही दोन्ही अगदी खेटून आहेत. फिजीतलं किओआ बेट वैतुपूकरांनीच १९४०च्या दशकात विकत घेतलं. तिथलं गाव सालिआ.

तुवालूच्या संगीताचं म्हणाल तर आधी फातेले, म्हणजे तिथलं पारंपरिक नाच-गाणं, ऐका. गाणारे मधे बसून लाकडी पेटी थापटतात, तेच कडवं पुन्हा पुन्हा, दरवेळी वाढत्या लयीत, आणि ऐन भरात एकदम थांबतात. ‘ते वाका’ या पॅसिफिक संगीताच्या बँडचे ओपेताइआ फोआई मात्र निव्वळ तुवालूचे नव्हेत: आई तुवालूची, वडील टोकेलाऊ बेटांचे.