'नेदत्योपा'ला मराठीत काय म्हणाल?

विंगेतून: चेखॉवचं 'चेरी ऑर्चर्ड' हे रशियन नाटक आजच्या कपड्यांत, आजच्या बोलीत करतोय. संहिता मी मराठीत आणतेय आणि गाडी 'नेदत्योपा' (धांदरट, काहीच धड न जमणारा माणूस) या शब्दापाशी अडलीय. ८७ वर्षांचा नोकर फिर्स पहिल्या अंकात साय विसरलेल्या दुन्याशाला हे म्हणतो. तिसऱ्यात मालकीण रानेव्हस्काया, 'आमचा फिर्स म्हणतो तसा', म्हणून तोच शब्द विद्यार्थी त्रोफिमोव्हला हाणते. शेवटी बंद घरात राहून गेलेला फिर्स स्वतःलाच म्हणतो. दिग्दर्शक म्हणतो 'लूजर' ठेव, पोरांना कळतं.

जुना प्रॉम्प्टर: लूजर! मराठी संपली का? सरळ 'वेंधळा' घ्या.

विंगेतून: काका, मग दुन्याशा 'वेंधळी' होते. रशियनमध्ये बाईलाही तोच शब्द, बाप्यालाही तोच.

ऱ्हस्वदीर्घ: मग 'अर्धवट'. अर्धवट मुलगी, अर्धवट म्हातारा, रूप तेच. शिवाय 'नेदो' म्हणजे पुरं न झालेलं, आणि पुढचा भाग 'घाव घालून तोडणे' या क्रियापदावरून आला असं लावतात. अर्धवट तोडलेला! फिर्सच्या त्या शब्दानंतर बाहेर झाडांवर कुऱ्हाडच ऐकू येते ना?

जुना प्रॉम्प्टर: अर्धवट म्हणजे डोक्याने कमी. फिर्स तसा नाही.

नागपूरकर: भैताड! दूध उतू गेलं की आजी आम्हा सगळ्यांना एकजात भैताड म्हणायची. स्वतःच्या हातून गेलं की स्वतःलाही.

जुना प्रॉम्प्टर: शेवटाला 'भैताड' म्हटलं तर पुण्यात हशा येईल.

नागपूरकर: येऊ दे की. चेखॉवने कॉमेडीच म्हटलंय. १९०४ला दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने रडवलं म्हणून तो वैतागला होता.

जुना प्रॉम्प्टर: १९७५ला मॉस्कोच्या तागान्का थिएटरात दिग्दर्शक एफ्रॉसने मंचाच्या मधोमध थडगी मांडली. तिथे काय हसणार, कपाळ?

नागपूरकर: थडग्यांचे दगड चेखॉवनेच दुसऱ्या अंकात ठेवलेत. त्याच अंकात गव्हर्नेस शार्लोटा खिशातून काकडी काढून खाते.

विंगेतून: मंडळी, शब्द!

हापूसवाला: शब्दाचं नंतर. नावाचं काय केलंत? 'चेरीची बाग' नको. स्तानिस्लाव्हस्कीने लिहून ठेवलंय, चेखॉवने शीर्षकातला आघात 'वीश्नेवी'वरून 'विश्न्योवी'वर नेला आणि त्यावर खूश होऊन हसत होता. पहिली बाग पैसे देणारी, दुसरी नुसतीच फुलणारी. आमच्या कोकणात बाग म्हणजे पेट्या, फवारणी, कर्ज. नुसतं बघायचं असेल तर 'बगीचा'.

ऱ्हस्वदीर्घ: बगीचा म्हटलं की नगरपालिकेची घसरगुंडी दिसते.

जुना प्रॉम्प्टर: आणि तो शब्द फारसी.

हापूसवाला: बाग कुठला, काका? तोही फारसीच.

जुना प्रॉम्प्टर: 'उपवन' आहे.

नागपूरकर: बाग विकत घेणारा लोपाखिन उपवनात प्लॉट पाडणार का?

विंगेतून: रविवारी तालीम आहे. तूर्त 'अर्धवट' लिहून दिलंय, दिग्दर्शकाला अजून सांगितलेलं नाही.

जुना प्रॉम्प्टर: 'उद्यान'ही चालेल.