ऑफिसात लिनक्सवर मधूनच नेट जातं, वायफाय मात्र जोडलेलं दिसतं. काय तपासू?

खतावणी (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. कऱ्हाडला आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे, सहा कॉम्प्युटर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या जुन्या मशिनींवर ११ चढेना. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसरही जुने. एरवी उत्तम चालणारी पाच मशिनं भंगारात घालणं जिवावर आलं, म्हणून साहेबांच्या मागे लागून मी पाचांवर लिनक्स मिंट २२ टाकून घेतलं. सहावं विंडोजवरच आहे, कारण हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं.

पहिले दोन महिने काही तक्रार नव्हती. गेल्या पंधरवड्यापासून मात्र मधूनच नेट जातं. कोपऱ्यात वायफायचं चिन्ह तसंच असतं, ब्राउझर मात्र साइट सापडत नाही म्हणतो. त्याच वेळी प्रिंटरही गायब. सगळ्यांचं एकदम जात नाही. आज दोघांचं, उद्या तिघांचं. दुपारी जेवून आल्यावर आणि लाइट जाऊन आल्यावर जास्त. कधी नेट बंद करून परत चालू केलं की येतं, कधी दिवसभर येत नाही. विंडोजवाल्या मशिनचं एकदाही गेलेलं नाही, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांचं ठरलंय की हे लिनक्समुळेच.

२० तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचंय. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत सुटलं नाही तर जुनं विंडोज परत टाकू. मी नेटवर्कवाली नाही, पण सांगाल ते नीट करेन. सुरुवात कुठून करू?

पेंग्विन_सांगली (सोमवार, रात्री ९:३२)

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय) गंडलंय. ईटीसी फोल्डरमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइल उघडा, नेमसर्व्हर ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाका, सेव्ह करा. माझं असंच सुटलं होतं.

तार_आधी (सोमवार, रात्री १०:०५)

ताई, त्या फाइलला हात लावू नका. मिंट २२ मध्ये ती खरी फाइल नसते, डीएनएसचं काम बघणाऱ्या सिस्टमडी-रिझॉल्व्हडने केलेल्या फाइलची लिंक असते. आत १२७.०.०.५३ दिसेल, तो तुमच्याच मशिनचा पत्ता आहे आणि तो तिथे असायलाच हवा. खरा डीएनएस कोणता ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' सांगतं. आज फाइल बदललीत तर ती पुन्हा पहिल्यासारखी होईल. नाही झाली, तर उद्या दुसरंच काही बिघडेल आणि नेमकं कशाने बिघडलं ते कुणाला कळणार नाही.

वीस वर्षं मी छोट्या ऑफिसांची नेटवर्कं बघतोय. कारण कळायच्या आत केलेली दुरुस्ती जेवढा घोळ घालते, तेवढा मूळ बिघाडही घालत नाही. म्हणून उद्या काहीही बदलू नका, फक्त बघा आणि लिहून घ्या. नेट गेलेलं मशिन रीस्टार्टही करू नका, पुरावा पुसला जातो. त्याच्या शेजारी नेट चालू असलेलं मशिन घ्या आणि दोन्हींवर टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा. (मी मोबाइलवरून देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात अर्थातच रोमन अक्षरं.)

आधी 'आयपी ए'. त्यात मशिनला मिळालेला पत्ता दिसेल. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता द्यायला कुणी भेटलंच नाही असं समजा. मग 'आयपी आर'. 'डीफॉल्ट व्हाया' पुढे जो आकडा येतो तो तुमचा गेटवे, म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा. त्याला पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघा. मग ८.८.८.८ ला, आणि शेवटी एखाद्या साइटच्या नावाला. दरवाजापर्यंतच पोचत नसेल तर केबल किंवा वायफाय. दरवाजा उत्तर देतो पण ८.८.८.८ नाही, तर घोळ राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, तेव्हाच डीएनएस. सांगलीकरांचा अंदाज चुकीचाच असेल असं मी म्हणत नाही, पण प्रिंटरही त्याच वेळी गायब होतो हे ताईंनी लिहिलंय. ऑफिसातल्या प्रिंटरला बाहेरच्या डीएनएसची गरज सहसा लागत नाही, त्यामुळे माझी शंका वेगळी आहे.

दोन्ही मशिनींचे आकडे जसेच्या तसे इथे टाका.

रातवा (सोमवार, रात्री ११:२०)

वायफायचं पॉवर सेव्ह पण बघा. माझ्या लॅपटॉपला त्याचाच त्रास होता, पाच मिनिटं हात लावला नाही की नेट झोपायचं. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल असते. तिच्यात ३ आहे तिथे २ करायचं आणि रीस्टार्ट.

खतावणी (मंगळवार, सकाळी ८:१५)

रातवा, धन्यवाद. पण पाचांतली तीन मशिनं केबलवर आहेत आणि त्यांचंही जातं. त्यामुळे ते नसावं ना?

रातवा (मंगळवार, सकाळी ८:४०)

केबलवाल्यांचंही जात असेल तर नाही. माझा मुद्दा सोडून द्या.

खतावणी (मंगळवार, दुपारी ३:२५)

जेवणानंतर दोघांचं गेलं. मी वही घेऊनच बसले होते.

चालू मशिन: पत्ता १९२.१६८.१.१०४, डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१. सगळ्या पिंगना उत्तर येतं.

बंद मशिन: पत्ता १९२.१६८.०.१०३, डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.०.१. त्या ०.१ ला पिंग केलं तर लगेच उत्तर, एक मिलिसेकंदाच्या आत. ८.८.८.८ ला केलं तर 'डेस्टिनेशन नेट अनरीचेबल' आणि ते सांगणाराही १९२.१६८.०.१ च. बंद पडलेल्या दुसऱ्या मशिनवरही हेच.

१ च्या जागी ० कसा आला? आमच्या राउटरच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ छापलंय.

तार_आधी (मंगळवार, दुपारी ४:०२)

ताई, त्या ० मध्येच सगळं आलं. तुमच्या ऑफिसात दोन राउटर आहेत आणि दुसरा कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही.

कॉम्प्युटर नेटवर्कात आला की 'मला पत्ता कोण देतं?' अशी सगळीकडे हाक मारतो. याला डीएचसीपी म्हणतात. जो आधी ओ देईल त्याच्याकडून तो पत्ता घेतो आणि तोच सांगेल तो दरवाजा धरतो. ओ देणारा खरा की उपरा हे तपासायची सोय साध्या नेटवर्कात नसते. तुमच्याकडे दोघे ओ देतायत. खऱ्याने दिली की सगळं चालतं. उपऱ्याने दिली की मशिनला पत्ता मिळतो, चिन्ह हिरवं दिसतं, दरवाजाही उत्तर देतो. फक्त त्या दरवाजापलीकडे रस्ता नाही, कारण त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट जिथे जोडतात तिथे) केबलच नसणार. प्रिंटर १.काहीतरी वर असेल आणि मशिन ०.काहीतरी वर गेलं, म्हणून तोही दिसत नाही.

जेवणानंतर का, तर लॅपटॉप झोपेतून उठले की पुन्हा हाक मारतात. लाइट येऊन-जाऊन का, तर तेव्हा सगळेच एकदम हाक मारतात, आणि फायबरचा डबा पूर्ण चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. साधा जुना राउटर त्याच्या आत उठून बसलेला असतो.

विंडोजवाल्या मशिनच्या नेटवर्क सेटिंगात बघा. माझी खात्री आहे की सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने तिथे पत्ता हाताने टाकलाय. ते मशिन हाक मारतच नाही, म्हणून ते कधी फसलं नाही. त्यावरून लिनक्सला दोष लागला, याचं मला वाईट वाटतं.

आता तो डबा शोधायचा. बंद मशिनवर 'आयपी नेबर' लिहा. १९२.१६८.०.१ पुढे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या येतील, तो त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा नंबर. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर हाच छापलेला असतो, शेवटचा आकडा एखाद-दोनने इकडेतिकडे असू शकतो. स्विचपासून निघणारी प्रत्येक केबल हाताने धरून शेवटपर्यंत जा. पंधरवड्यापूर्वी ऑफिसात काय नवीन आलं, हेही विचारा.

खतावणी (मंगळवार, संध्याकाळी ७:५०)

सापडला!

साहेबांच्या केबिनमध्ये, फायलींच्या कपाटामागे. तिथे रेंज येत नव्हती म्हणून त्यांनी घरचा जुना राउटर आणून पंधरवड्यापूर्वी लावला होता. पिवळ्या पोर्टात केबल, निळं (वॅनचं) पोर्ट रिकामं. स्टिकरवरचे आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले. पहिल्या पाचही जोड्या तंतोतंत, शेवटची एकाने कमी. खरं सांगते, हात थरथरत होते.

विंडोजवाल्यात १९२.१६८.१.५० हाताने टाकलेला आहे, तुम्ही म्हणालात तसाच.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, काढून टाक. पण केबिनमध्ये त्यांना नेट लागतंच. तो ठेवून चालेल असं काही करता येईल का?

तार_आधी (मंगळवार, रात्री ८:३०)

येईल, आणि चांगलं चालेल. फक्त त्याला राउटरकी सोडायला लावून नुसता वायफाय देणारा डबा करायचा.

ऑफिसच्या केबलमधून तो आधी सोडवा. एक लॅपटॉप थेट त्याच्या पिवळ्या पोर्टाला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा आणि ब्राउझरात १९२.१६८.०.१ उघडा. आधी लॅनचा (आतल्या नेटवर्कातला त्याचा स्वतःचा) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. तो रीस्टार्ट होईल, मग नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि शेवटी डीएचसीपी सर्व्हर बंद करा. क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि तो हाताने टाकत बसावं लागेल. त्याआधी मुख्य राउटरवर बघून घ्या की तो कुठल्या आकड्यापासून पत्ते वाटतो. बहुतेक १०० पासून असेल. १.२ त्या वाटपात येता कामा नये.

वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच ठेवा, चॅनल वेगळा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत. मग केबल परत पिवळ्याच पोर्टात. निळ्यात घातलीत तर केबिनचं नेटवर्क वेगळं पडेल आणि साहेबांना प्रिंटर दिसणार नाही.

शेवटी खात्री. एका मिंटवर एनमॅप (नेटवर्क तपासायचा प्रोग्रॅम) टाका आणि 'सुडो एनमॅप --स्क्रिप्ट ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर' चालवा. ते मुद्दाम हाक मारून कोण ओ देतो ते दाखवतं. दोन-चार वेळा चालवा, दर वेळी १९२.१६८.१.१ हाच यायला हवा.

घरून_काम_रत्नागिरी (बुधवार, सकाळी १०:१०)

याच धाग्यात विचारतो. घरी उबंटू. पिंग सगळीकडे जातं, नावालाही उत्तर येतं, पण काही साइट अर्ध्या उघडून अडकतात. बँकेची तर लॉगिनच्या पुढे जात नाही. मोबाइल डेटावर तीच साइट झटकन उघडते.

तार_आधी (बुधवार, सकाळी ११:४५)

तुमचं दुखणं वेगळं आहे. नेट पीपीपीओई आहे का, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून जोडता का? तसं असेल तर 'पिंग -एम डू -एस १४७२ ८.८.८.८' करा. 'एम' मोठं, 'एस' लहान. मग तेच १४६४ ने करा. १४६४ जातं आणि १४७२ जात नाही, तर घोळ एमटीयूचा, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाच्या कमाल मापाचा. हेडरचे (पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचे) २८ बाइट धरून १४७२ चे १५०० होतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःला घेतं, उरतात १४९२. 'पाकीट मोठं आहे, लहान कर' असा निरोप वाटेतून यायला हवा, पण पुष्कळ ठिकाणी फायरवॉल तो अडवते. मग छोटी पाकिटं जातात, मोठी हरवतात आणि साइट अर्धीच उघडते. राउटरच्या वॅन सेटिंगात एमटीयू १४९२ करा. कंपनीचं व्हीपीएन वापरत असाल तर त्याचा वेगळा बघावा लागेल.

घरून_काम_रत्नागिरी (बुधवार, दुपारी १:३०)

१४६४ गेलं, १४७२ नाही. राउटरमध्ये १५०० होतं, १४९२ केलं. बँक उघडली. मनापासून आभार दादा.

खतावणी (गुरुवार, संध्याकाळी ६:४०)

काल सगळं सांगितल्या क्रमाने केलं. एनमॅप पाच वेळा चालवलं, पाचही वेळा एकटा १.१.

आज गुरुवार, मेंटेनन्सला अकरा ते दीड लाइट गेली होती. आल्यावर मी एकेका मशिनपाशी जाऊन 'आयपी आर' बघितलं. पाचांवरही १९२.१६८.१.१. तोवर सगळ्यांचं काम सुरूही झालं होतं. केबिनमध्येही पूर्ण रेंज आहे. साहेब इतकंच म्हणाले, "मिंट राहू दे." मला तेवढं पुरे.

एकच विचारायचं राहिलं. प्रिंटरचा पत्ता १.११८ आहे, म्हणजे वाटपातलाच. तो उद्या बदलला तर?

तार_आधी (गुरुवार, रात्री ९:१५)

बदलू शकतो. मुख्य राउटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असं पान असेल, तिथे प्रिंटरचा मॅक आणि १.११८ ही जोडी नोंदवून ठेवा. मॅक प्रिंटरच्या नेटवर्क रिपोर्टवर छापून येतो. विंडोजवाल्याच्या १.५० ला काही करायची गरज नाही, तो वाटपाच्या बाहेर आहे. आणि केबिनमधल्या डब्यावर 'डीएचसीपी बंद, पत्ता १.२, केबल पिवळ्यातच' असं लिहून चिठ्ठी चिकटवा. कुणी त्याचं रीसेटचं बटण दाबलं तर पुन्हा पहिल्यापासून हेच सुरू होईल.

खतावणी (शुक्रवार, सकाळी १०:०५)

दोन्ही केलं. चिठ्ठीवर सेलोटेपही लावली.