अनुभव धागा : वादळानंतर किनाऱ्यावर नेमकं काय लागतं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडे राज्यभरातून मदत आली. जीव वाचवणारी मदत होती ती. पण जुन्या कपड्यांचे ढीग नंतर चिखलात पडलेले आपण सगळ्यांनी बघितले आहेत. तरी ३ जून २०२० ला कोकणात निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, आणि मी ज्या गाडीबरोबर घाट उतरून गेले तिच्यात निम्मे कपडेच होते. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एका आजींनी गाठोडं माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, "गो बाय, कपडे खूप इले. जाळ्याचा काय ता सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा धागा. जे तिकडे गेले, ज्यांचं माहेर तिकडचं आहे, ज्यांचं पोट तिकडच्या मासळीवर आहे, त्यांनी लिहा.

उद्यमनगर, इंजिन दुरुस्ती

२०१९ च्या पुरात बुडालेल्या मोटारी आणि डिझेल इंजिनं आम्ही महिनाभर रात्रंदिवस खोलत होतो. तौक्तेची बातमी आली तेव्हा डोक्यात पहिलं हेच आलं, की तिथली इंजिनं खाऱ्या पाण्यात असणार. पुराचं पाणी गोडं. गाळ बसतो, पण आठ-दहा दिवसांनी खोललं तरी बरीच इंजिनं वाचतात. खारं पाणी तेवढी सवड देत नाही, आतून लगेच गंजायला लागतं.

लॉकडाउनचा ई-पास काढला आणि गगनबावड्यावरून करूळ घाटानं तिघं उतरलो. देवगडात पोचलो तो वादळानंतरचा चौथा दिवस. दोर तुटून नौका एकमेकींवर आदळलेल्या. काही जणांनी घाबरून, सिलिंडरमध्ये पाणी असतानाच स्टार्टर मारला होता. त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले, तो खर्च वेगळाच. ज्यांनी हात लावला नव्हता त्यांची इंजिनं सुटली. नोझल काढायचे, हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं, गोड्या पाण्यानं धुवायचं, मग डिझेलनं, आणि ऑइल दोनदा बदलायचं. पाच दिवसांत अकरा इंजिनं चालू केली.

अडलो कुठं तर गोड्या पाण्यावर. वीज नाही म्हणून नळाला पाणी नाही. टँकर यायचा, पण पिण्याचं पाणी इंजिनावर ओतायला मागायचं कसं? शेवटी एका तात्यांनी आपल्या विहिरीतून कळशीनं पाणी शेंदून दिलं, सत्तरीचा माणूस. पुन्हा जायची वेळ आली तर गाडीत आधी छोटा डिझेल पंप, ऑइलचे कॅन आणि नोझलचे वायसर टाकणार. तांदूळ नंतर.

जुलैत आपल्याकडं पुन्हा पाणी चढलं, तेव्हा त्याच तात्यांचा फोन आला : "मशीनी वर घेतलास मां?"

वायरमन, करवीर तालुका

तौक्तेनंतर आमच्या पथकाला सिंधुदुर्गात पाठवलं होतं. खांब मोडलेले, तारांवर माड पडलेले. एका वेळी शंभर मीटर लाइन मोकळी झाली तरी मोठी वाटायची. आमच्या डोक्यात क्रम ठरलेला : दवाखाना, पाणीयोजना, मग वस्ती. बर्फाचा कारखाना आम्ही शेवटच्यात धरला होता. एका मच्छीमार सोसायटीच्या माणसानं समजावलं. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. ज्यांच्या होड्या वाचल्यात त्यांना मेअखेरचे चार दिवस मिळाले तर तेच पावसाळ्याचं धान्य. बर्फ नसेल तर बांगडा संध्याकाळपर्यंत टिकत नाही, व्यापारी पडेल भावानं उचलतो. तेव्हापासून आमच्या क्रमात बर्फ वर आला.

माहेर हर्णै (रत्नागिरी किनारा), सासर राजारामपुरी (कोल्हापूर)

निसर्ग आलं तेव्हा मी इथं आणि आई तिथं. दोन दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा ती घराचे पत्रे उडाले हे सांगायच्या आधी म्हणाली, "सगळी सुकी गेली."

हे इथल्या लोकांना समजावून सांगावं लागतं. बंदीच्या दोन महिन्यांत पुरुषांना समुद्र बंद असतो. घर चालतं ते बायकांनी एप्रिल-मेमध्ये उन्हात सुकवलेल्या मासळीवर. बोंबील, जवळा, सोडे, खारा बांगडा. ती विकूनच मुलांची पुस्तकं येतात. ३ जूनला हा साठा घराघरात भरलेला होता, आणि एका दुपारी भिजला. भिजलेली सुकी मासळी परत वाळवून चालत नाही. वास येतो, अळी पडते.

पंचनामा झाला. होडी लिहिली, जाळं लिहिलं, घर लिहिलं. आईच्या मासळीला रकाना नव्हता. तिची पाटी, वजनकाटा, बर्फाची पेटी, काहीच कुठं बसत नव्हतं. चाळीस वर्षं धंदा केलेली बाई कागदावर फक्त "पत्नी" होती. मला याचा अजून राग आहे. मी इथून तिला आणि शेजारच्या चौघींना पाच-पाच हजार पाठवले, त्यांनी त्यातून दुसऱ्या बंदरावरचा सुका माल आणून विकला. भांडवल मिळालं की त्या उभ्या राहतात, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

मंगळवार पेठ, तरुण मंडळ

थोडक्यात लिहितो. तौक्तेनंतर आम्ही दोन टेम्पो नेले. पहिल्यात बिस्किटं, कपडे, पाण्याच्या बाटल्या. दुसरा टेम्पो भरायच्या आधी देवबागला फोन करून विचारलं. उत्तर : ताडपत्री, पत्र्याचे हूक, झाडं कापायची मशीन आणि ती चालवणारा माणूस. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी. रस्ता एकच, त्यावर माड आडवे. राधानगरीकडचे दोन लाकूडतोडे सोबत आले, त्यांनी जे काम केलं ते आम्हा वीस जणांना जमलं नसतं.

मासळी व्यापारी, कोल्हापूर

नौकांचे मालक लोक तोट्यात बुडाले की आमच्याकडे येतात. बँक महिने लावते, आम्ही त्याच दिवशी देतो. पण मोबदल्यात माल आम्हालाच, आणि भाव आमचा. तौक्तेनंतर मी तीन नौकांना उचल दिली. एक जण पुढचे दोन हंगाम त्यातून बाहेर पडला नाही. मी नियमाबाहेर काही केलं नव्हतं, तरी त्याच्या मुलाचं शिक्षण थांबलं तेव्हा झोप लागली नाही. राहिलेली बाकी सोडून दिली. ऑगस्टच्या आत स्वस्त कर्ज हातात पडलं असतं तर तो माझ्याकडे आलाच नसता. आणि खलाशांना तर कुणीच विचारत नाही. रत्नागिरीकडच्या नौकांवर नेपाळची कितीतरी पोरं आहेत. नौका बंद, पगार बंद, गावी जायला पैसे नाहीत.

बँक कर्मचारी

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं, पण वादळानंतर माझ्यासमोर बसलेल्या बहुतेकांना ते माहीत नव्हतं. नोंदणी, परवाना, आधार घरातच होतं आणि घरातच भिजलं. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या २०१५-२० च्या निकषांत पूर्ण गेलेल्या नौकेला ९,६०० आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला २,६०० रुपये होते. राज्यानं त्यात भर घातली हे खरं, पण नवीन फायबर होडी लाखाच्या घरात जाते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घाटावरच्या पाहुण्याकडे एक प्रत ठेवा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

इचलकरंजी, सूत व्यवसाय

धाग्याच्या सुरुवातीच्या आजींसाठी लिहितोय. आम्हाला वाटलं सूत आपलंच, जाळी देऊ. बाजारात मिळाली ती चाळीस जाळी घेतली आणि पाठवली. निम्मी पडून राहिली. बांगड्याचं जाळं वेगळं, सुरमईचं वेगळं, आस म्हणजे भोकाचा आकार वेगळा, दोऱ्याची जाडी वेगळी. शिवाय शिसं, फ्लोट, दोर हे सगळं लावल्याशिवाय जाळं पाण्यात जातच नाही, आणि ते भरायला घरातल्या माणसांचे पंधरा-वीस दिवस जातात. दुसऱ्या खेपेला आम्ही सोसायटीला विचारून यादी घेतली : कुणाला कुठली आस, किती वजन, किती शिसं. माल ५ जुलैला पोचवला, म्हणजे १ ऑगस्टच्या आत भरून होईल. त्या महिन्यात बायका पडवीत बसून जाळी भरत होत्या, त्याचे फोटो त्यांनी पाठवले.