ग्रामसभेत कमरेला रिव्हॉल्वर : परवाना आहे, म्हणून चालेल का?

मूळ मांडणी : शिक्षिका, घाटंजी तालुका

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या ग्रामसभेत नळयोजनेच्या खर्चाचा विषय होता. उपस्थितीच्या रजिस्टरवर सही करायला एक गृहस्थ वाकले, सदरा वर सरकला आणि कमरेच्या कातडी म्यानातून बाहेर आलेली रिव्हॉल्वरची मूठ समोर बसलेल्या आम्हा सगळ्या बायकांना दिसली. त्यांनी कोणाला धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. पण माझ्या शेजारच्या ताईंनी बिलाची प्रत मागण्याचा अर्ज लिहून आणला होता; त्यांनी तो चौघडी घालून बटव्यात ठेवला आणि सभा संपेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

नंतर विचारले तेव्हा सगळ्यांचे उत्तर एकच होते : "त्यांच्याकडे लायसन आहे." माझे म्हणणे असे की परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, ते गावभर मिरवण्याचा नाही. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने आपल्याला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले तेही 'शांततेने व विनाशस्त्र'. ज्याच्या जिवाला खरा धोका आहे त्याने धोक्याच्या कामावर जाताना शस्त्र जरूर न्यावे. ग्रामसभा, लग्न, बारसे आणि चहाची टपरी इथे ते नेण्यास स्पष्ट बंदी असावी.

उत्तर : कापूस व्यापारी, वणी तालुका

मॅडम, सभेत मूठ दिसली हे चुकलेच. पण त्यावरून सगळ्या परवानाधारकांना एका दावणीला बांधू नका. मी खेडा खरेदी करतो, म्हणजे गावोगाव जाऊन कापूस घेतो. हंगामात शेतकऱ्यांचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, रोख द्यावा लागतो, कारण कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी त्यांना त्याच संध्याकाळी द्यायची असते. रक्कम घेऊन रात्री आठनंतर मी ज्या रस्त्याने परततो त्यावर मोबाईलला रेंज नाही आणि पोलीस ठाणे बावीस किलोमीटरवर आहे. माझ्या गाडीपुढे एकदा रस्त्यात आडवे लाकूड टाकलेले होते. त्या रात्री मी गाडी मागे घेऊन वाचलो, आणि त्यानंतरच परवान्याचा अर्ज केला.

चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण हे सगळे करून मिळालेला हा परवाना आहे. आता प्रत्येक ठिकाणी बंदी घातली, तर मी वाटेत लग्नाला दहा मिनिटे थांबलो असता रिव्हॉल्वर कुठे ठेवावे? गाडीत? कुलूपबंद जीपमधले रिव्हॉल्वर कमरेवरच्या रिव्हॉल्वरपेक्षा जास्त धोकादायक आहे, कारण काच फोडायला दगड पुरतो.

उत्तर : वकील, यवतमाळ

दोघेही नवा नियम असावा की नसावा यावर भांडत आहात, पण नियम आधीच आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालील परवान्याच्या अटींत लिहिलेले असते की ज्या कारणासाठी परवाना दिला त्याच कारणासाठी, सद्भावनेने शस्त्र जवळ बाळगावे आणि खास परवानगी नसेल तर ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा अन्य सार्वजनिक जमावात नेऊ नये. माझ्या मते ग्रामसभा हा सार्वजनिक जमावच आहे. शिवाय २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये म्हणजे म्यानात, अंगाशी, पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे मॅडमनी पाहिलेली मूठ हा एकाच वेळी दोन नियमांचा भंग होता.

अडचण शिक्षेची आहे. परवान्याची अट मोडल्यास कलम ३० खाली फार तर सहा महिने कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याउलट लग्नात हौसेने बार काढला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गोळी सुटली की कायदा जागा होतो; गोळी न सुटता लोक गप्प बसतात त्याची किंमत त्याच्या लेखी दोन हजार आहे.

उत्तर : शेतकरी, आर्णी तालुका

माझ्या वावरात रानडुकरांनी दोन एकर भुईमूग उकरला, म्हणून मी या विषयात पडलो आणि मला एक गोष्ट कळली. पीकरक्षणासाठी कायदा ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगतो, फार तर आतून गुळगुळीत, लांब नळीची बंदूक. डुकराला प्रत्यक्ष मारण्याचे नियम वनखात्याचे, ते वेगळेच. त्यामुळे कमरेला रिव्हॉल्वर लावून "जंगली जनावरांची भीती आहे" असे कोणी चारचौघांत सांगत असेल तर ते मला पटत नाही. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, गेलेल्या माणसाला अंधारात रिव्हॉल्वरचा उपयोग नाही. त्याला बॅटरी, फटाके आणि सोबत एक माणूस लागतो.

उत्तर : कापूस व्यापारी, वणी तालुका

वकील साहेब, 'सार्वजनिक जमाव' म्हणजे नेमके काय, हे एकदा ठरू द्या. कापूस बाजारात हंगामात शे-दोनशे बंड्या आणि मेटॅडोर उभे असतात. तो जमाव असेल तर जिथे रोकड हाताळायची तिथेच मी निःशस्त्र, आणि तो जमाव नसेल तर ग्रामसभा कशी?

दुसरे, २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला झाला आणि १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. माझ्या भागात नोटीस आली, शस्त्र ठाण्यात जमा केले आणि ते निकालानंतर आठवडाभराने परत मिळाले. सीतादहीचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा, कापूस घरात येण्याचे दिवस तेच होते. माझ्यावर एकही गुन्हा नसताना मी अख्खा काळ तसाच फिरलो.

उत्तर : वकील, यवतमाळ

आपली तक्रार रास्त आहे. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेणे अपेक्षित नाही. जिल्ह्याच्या छाननी समितीने जामिनावर असलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले आणि पूर्वी दंगलीत गुंतलेले धारक वेगळे काढून निर्णय घ्यायचा असतो. आपण आपले कारण लेखी मांडायला हवे होते.

बाजाराविषयी मात्र मी ठाम आहे. आपण तिथे परवान्यात नोंदलेल्या कामासाठी जाता. शंका असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून बाजार समितीच्या आवाराची खास परवानगी मागा, अटीतच तशी सोय आहे. ग्रामसभेसाठी अशी परवानगी कोणत्या कारणाने मागणार?

उत्तर : निवृत्त हवालदार, दिग्रस

तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले ते सांगतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ नुसार शस्त्र बाळगणाऱ्याला कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. पण गावातल्या वजनदार माणसाला तो मागायला नवा शिपाई कचरतो, आणि ठाणेदारांपुढे तक्रार लेखी आल्याशिवाय पुढे काही हलत नाही. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहे आणि धारक त्यालाच घाबरतो, दोन हजाराच्या दंडाला नाही. मॅडम, तारीख, वेळ आणि हजर असलेल्या दोघा-तिघांची नावे घालून अर्ज करा आणि पोच घ्या.

उत्तर : शिक्षिका, घाटंजी तालुका

नव्या बंदीची माझी मागणी मी मागे घेते. आहे ती अटच अमलात यावी. व्यापारी भाऊ, तुमच्या रात्रीच्या रस्त्याबद्दल माझा आक्षेप नव्हता आणि नाही. पण लग्नात दहा मिनिटांच्या थांब्याचा प्रश्न तुम्ही कायद्यावर टाकता, तो मला मान्य नाही. शस्त्र घेणाऱ्याने आपला दिवस शस्त्राप्रमाणे आखावा : आधी घरी जावे, ते कपाटात कुलपात ठेवावे, मग मांडवात यावे. ती गैरसोय परवान्यासोबत आलेली आहे, वऱ्हाड्यांनी ती का सोसावी?

अर्ज मी लिहिला आहे. शेजारच्या ताईंना साक्षीदार म्हणून नाव घालू का विचारले, तर त्यांनी दोन दिवस मागितले आहेत.

उत्तर : कापूस व्यापारी, वणी तालुका

आधी घरी जाण्याचे मी मान्य करतो, लग्नापुरते. बाजार आवाराच्या परवानगीचा अर्जही देतो. पण ती नाकारली गेली, तर इथे येऊन पुन्हा हाच प्रश्न विचारीन.