घनता वाढली की १४० गिगाहर्ट्झची लाट परत का फिरते?

प्लाझ्मावेडा: वेंडेलस्टाइन ७-एक्स या जर्मनीतल्या स्टेलरेटरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणारं संलयन यंत्र) २.५ टेस्लाला एक्स-२ लाट (विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राला लंब, इलेक्ट्रॉनच्या फिरण्याच्या दुप्पट वारंवारतेची) १.२×१०^२० इलेक्ट्रॉन प्रति घनमीटरच्या वर आत जात नाही. गायरोट्रॉनची (ही मायक्रोवेव्ह बनवणाऱ्या नळीची) पॉवर वाढवून जमेल?

मिमीलाट: नाही. कटऑफ, म्हणजे लाट जिथून परत फिरते ती मर्यादा, घनता ठरवते, पॉवर नव्हे. ध्रुवीकरण (लाटेच्या विद्युत क्षेत्राची दिशा) फिरवून ओ-२ (विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राला समांतर) वापरतात, मर्यादा २.४×१०^२० वर जाते. गोची शोषणाची: ओ-२ एका फेरीत पूर्ण शोषली जात नाही, गार प्लाझ्मात तर फारच कमी. म्हणून आधी एक्स-२ ने तापवायचं, मग घनता चढवताना ध्रुवीकरण बदलायचं. उरलेल्या लाटेसाठी समोरच्या भिंतीवर परावर्तक टाइल. शोषण कोसळलं तर भटकी मायक्रोवेव्ह खिडक्या नि डायग्नोस्टिक्स (मोजमापाची उपकरणं) खराब करते. ही भटकी लाट मोजणारा स्निफर प्रोब इंटरलॉकला (पॉवर आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला) जोडलेला हवाच.

बर्नस्टाइनप्रेमी: ओ-२ च्या मर्यादेच्याही वर जायचं तर ओ-एक्स-बी, म्हणजे ओ लाटेचं एक्समध्ये, मग बर्नस्टाइन लाटेत रूपांतर. ओ लाट चुंबकीय क्षेत्राशी ठराविक तिरक्या कोनात सोडायची. कटऑफपाशी ती एक्स होते, मागे वळते आणि अप्पर हायब्रिड थरावर (प्लाझ्मातल्या एका अनुनादाच्या जागी) बर्नस्टाइन लाट (फक्त प्लाझ्मातच चालणारी इलेक्ट्रॉन-लाट) बनते. तिला घनतेची वरची मर्यादा नाही. कोन जरा चुकला की बरीचशी पॉवर परत. कटऑफ थरापाशी घनतेचा उतार तीव्र असेल तर कोनात जास्त सूट मिळते, पण काठावरची खळबळ रूपांतर बिघडवते. वेंडेलस्टाइन ७-एएसवर (७-एक्सच्या आधीच्या यंत्रावर) १९९० च्या दशकात हे ७० गिगाहर्ट्झला दाखवलं होतं.

प्लाझ्मावेडा: म्हणजे आधी ओ-२. लाट सोडणारे आरसे कोणत्या कोनांपर्यंत वळतात ते तपासतो.